फळप्रक्रिया युनिटमधील सांडपाणी : बॅचचा क्रम लावा, पाणी वाचवा

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांच्या फळ-भाजीपाला प्रक्रिया युनिटमध्ये सांडपाण्याचा प्रश्न बहुधा पहिल्या-दुसऱ्या हंगामात पुढे येतो. युनिटमागच्या चरात आंबूस वास सुटतो, माश्या होतात, शेजारचा शेतकरी विहिरीच्या पाण्याबद्दल तक्रार करतो. मग सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, म्हणजे ईटीपी, मोठी करण्यासाठी कोटेशन मागवले जाते. हा खर्च करण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : एवढे सांडपाणी तयार कशामुळे होते?

लहान युनिटमध्ये त्यातील बराचसा भाग फळातून येत नाही. तो एक माल संपवून दुसरा माल घेताना भांडी धुण्यातून येतो. म्हणजे दिवसभरात कोणता माल कशानंतर घेतला, यावर सांडपाणी ठरते. हे वेळापत्रकाचे काम आहे आणि त्याला वही-पेन्सिल पुरते.

बॅच पद्धतीत पाणी कुठे जाते?

भज्यांचा जसा घाणा काढतात, गुऱ्हाळात जसे एकामागून एक आधण लावतात, तशीच पल्पर आणि केटलमध्ये एकेक बॅच निघते. साखर कारखान्यात ऊस आत जात राहतो आणि रस अखंड वाहत राहतो. आपल्या युनिटमध्ये मात्र भांडे भरते, शिजते, रिकामे होते, धुतले जाते आणि पुन्हा भरते. त्याच केटलमध्ये सकाळी पेरूचा गर, दुपारी टोमॅटो प्युरी आणि संध्याकाळी लसूण-मिरचीचा सॉस निघतो. लहान युनिटला हे परवडते, कारण यंत्रे तीच राहतात आणि हंगामाप्रमाणे माल बदलता येतो. मात्र प्रत्येक बदलाला धुलाई येते.

पाण्याची बचत शास्त्रीय पद्धतीने कशी करावी, यावर १९९० च्या दशकात इंग्लंडमधील मँचेस्टर येथे रॉबिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाभूत काम केले. एका ठिकाणचे कमी मळलेले पाणी दुसऱ्या ठिकाणी पहिल्या धुण्याला चालते का, हे तपासत जाणे हे त्यामागचे सूत्र आहे. बॅच पद्धतीच्या कारखान्यांसाठी दक्षिण आफ्रिकेतील प्रा. थोकोझानी माजोझी यांनी हा विषय पुढे नेला. बॅच पद्धतीत एक जादा अडचण असते, ती म्हणजे वेळ. वापरता येण्याजोगे पाणी सकाळी नऊला तयार झाले आणि त्याची गरज अकराला असली, तर टाकी नसल्यास ते गटारात जाते. त्यामुळे पाण्याचा हिशेब आणि कामाचे वेळापत्रक एकत्रच मांडावे लागते. मोठ्या कारखान्यांत यासाठी संगणकावर गणिते सोडवतात. तीन-चार उत्पादनांच्या युनिटला कागदावरचा तक्ता पुरेसा आहे.

आधी मोजा

मीटर नसला तरी मोजमाप करता येते. वीस लिटरची बादली घ्या आणि धुण्याचा पाइप तिच्यात सोडून मोबाइलवर सेकंद मोजा. बादली ४० सेकंदांत भरली तर पाइपातून मिनिटाला ३० लिटर पाणी येते. तो पाइप दहा मिनिटे जमिनीवर चालू राहिला तर ३०० लिटर पाणी गेले. पाइपाच्या टोकाला दाबून सुरू होणारी पिस्तूल-नोझल बसवणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. काही युनिटमध्ये ती बसवूनही दोरीने कायम दाबून बांधलेली दिसते. तेथे कामगारांशी बोलावे. नोझलमधून येणारा दाब कमी असेल तर त्यांची तक्रार रास्त असते.

त्यानंतर आठवडाभर एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक धुलाईला चारच रकाने पुरे : आधीचा माल, नंतरचा माल, धुण्याला लागलेली मिनिटे आणि पाणी. विस्तार कार्यकर्त्यांनी युनिटला भेट देताना यंत्रांच्या क्षमतेआधी ही वही मागावी. बहुतेक प्रकल्प अहवालांत पल्परची तासाची क्षमता ठळक लिहिलेली असते. धुण्याचा वेळ आणि पाणी त्यात क्वचितच सापडते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून (पीएमएफएमई) पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, म्हणून दोन यंत्रे वाढवली जातात. पण त्या यंत्रांना रोज किती वेळा धुवावे लागेल, याचा विचार बहुधा राहून जातो.

एकदाच भरपूर पाणी की थोडे-थोडे तीनदा?

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. कीडनाशकाची रिकामी बाटली तीन वेळा विसळावी आणि ते पाणी फवारणी पंपातच ओतावे, अशी शिफारस असते. केटललाही हेच गणित लागू होते.

समजा, केटल रिकामी केल्यावर आतल्या पृष्ठभागाला आणि तळाच्या व्हॉल्व्हपाशी २ लिटर गर चिकटून राहतो. दर वेळी निथळल्यावरही २ लिटर द्रव आत उरतो. आता तीन पद्धती पाहू.

एकदम १०० लिटर पाणी घालून विसळले, तर उरलेल्या द्रवात गराचे प्रमाण सुमारे २ टक्के राहते. वीस-वीस लिटरने दोनदा विसळले, म्हणजे एकूण ४० लिटर, तर ते ०.८ टक्क्यांवर येते. दहा-दहा लिटरने तीनदा, म्हणजे एकूण ३० लिटर वापरले, तर ०.५ टक्क्याहूनही कमी राहते. पाणी एक तृतीयांशापेक्षा कमी लागले आणि भांडे चौपट स्वच्छ झाले. अट एवढीच की प्रत्येक वेळी पाणी सगळीकडे फिरले पाहिजे आणि पुढचे पाणी घालण्याआधी आधीचे पूर्ण निथळले पाहिजे. घाईत दोन विसळण्या एकत्र झाल्या तर हा फायदा जातो.

तिसऱ्या विसळणीचे धुवण जवळजवळ स्वच्छ असते. ते झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून पुढच्या वेळी दुसऱ्या विसळणीला वापरले, आणि दुसरीचे धुवण पहिलीला वापरले, तर प्रत्येक धुलाईला नवे पाणी फक्त १० लिटर लागते. भांड्यात उरणारे गराचे प्रमाण ०.६ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे १०० लिटरच्या एका विसळणीपेक्षा ते तरीही कमीच. शेवटची विसळणी मात्र नेहमी पिण्यायोग्य ताज्या पाण्यानेच करावी. यात तडजोड नको.

या सगळ्याआधी भांडे खरवडावे. सिलिकॉनच्या पट्टीने चिकटलेल्या २ लिटरपैकी दीड लिटर गर निघतो. तो त्याच बॅचमध्ये घालता येतो किंवा निदान जनावरांना देता येतो. गरात १० ते १५ टक्के साखर असते. एक किलो साखर पाण्यात कुजताना एक किलोपेक्षा थोडा जास्त प्राणवायू खाते. सांडपाण्याची बीओडी म्हणतात ती मुख्यतः हीच मागणी. म्हणून खरवडून काढलेला प्रत्येक लिटर गर ईटीपीचा भार कमी करतो. गर पाण्यात गेल्यावर तो काढायला वीज आणि जागा खर्च करावी लागते.

धुलाई पुरी झाली की नाही, हे तपासायला द्राक्ष बागायतदारांकडे असतो तोच ब्रिक्स मीटर वापरता येतो. वरच्या उदाहरणात १२ ब्रिक्सचा गर असेल, तर ताज्या पाण्याच्या पहिल्या धुवणाला सुमारे २, दुसऱ्याला ०.३ च्या आसपास आणि तिसऱ्याला जवळजवळ शून्य वाचन येते. वाचन शून्यावर आल्यावरही पाणी चालू ठेवले जात असेल, तर ते सवयीने चालले आहे. मात्र ब्रिक्स मीटरला जंतू दिसत नाहीत आणि लसणाचा वासही कळत नाही. त्यामुळे निर्जंतुकीकरणाची पायरी वगळू नये.

क्रमाचा तक्ता

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक बदलाला सारखे पाणी लागत नाही. पेरूनंतर टोमॅटो घेतला तर पेरूचा पुसट अंश टोमॅटोच्या रंगात आणि चवीत लपतो. उलट टोमॅटोनंतर पेरू घेतला तर पांढऱ्या गराला लाली येते आणि ग्राहक माल परत पाठवतो. लसूण-मिरचीनंतर पेरू घ्यायचा तर गरम पाणी, सोडा, पुन्हा पाणी असे सगळे सोपस्कार करावे लागतात आणि तरीही गॅस्केटमध्ये वास राहण्याची भीती असते.

खालील आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या युनिटचे आकडे आपल्या वहीतून घ्यावेत.

तोच माल पुन्हा : २० लिटर
पेरूनंतर टोमॅटो : ८० लिटर
पेरूनंतर सॉस : ७० लिटर
टोमॅटोनंतर सॉस : ६० लिटर
टोमॅटोनंतर पेरू : २५० लिटर
सॉसनंतर टोमॅटो : ३०० लिटर
सॉसनंतर पेरू : ४०० लिटर
दिवसअखेरची पूर्ण धुलाई : ४०० लिटर

समजा, एका दिवसात तिन्ही मालांच्या प्रत्येकी दोन बॅच काढायच्या आहेत. माल जसा आला, मागणीचा फोन जसा आला, तशा बॅच घेतल्या : पेरू, सॉस, टोमॅटो, पेरू, टोमॅटो, सॉस. बदलांचे पाणी ७० + ३०० + २५० + ८० + ६०, म्हणजे ७६० लिटर होते. दिवसअखेरचे ४०० धरून ११६० लिटर.

त्याच सहा बॅच पेरू-पेरू, टोमॅटो-टोमॅटो, सॉस-सॉस अशा घेतल्या, तर बदलांचे पाणी २० + ८० + २० + ६० + २०, म्हणजे फक्त २०० लिटर लागते. दिवसअखेरच्या धुलाईसह ६०० लिटर. माल तेवढाच, यंत्रे तीच, माणसे तीच, आणि सांडपाणी जवळजवळ निम्मे.

एकसारख्या बॅच एकत्र घ्याव्यात, एवढे अनेक युनिटना माहीत असते. पण तेवढ्याने भागत नाही. सॉस-सॉस, टोमॅटो-टोमॅटो, पेरू-पेरू असा उलटा क्रम लावला तर बॅच एकत्र असूनही १०१० लिटर पाणी जाते. फिक्याकडून गडद, सौम्य वासाकडून उग्र वास, गोडाकडून तिखट ही दिशा पाळावी. दिवसअखेर पूर्ण धुलाई होणारच असते. सर्वांत चिवट माल त्या धुलाईच्या आधी ठेवला की त्याची वेगळी मोठी धुलाई वाचते.

एका गोष्टीला मात्र हा नियम लावू नये. शेंगदाणा, तीळ, दूध, सोया, मोहरी असे ॲलर्जी आणणारे घटक असलेल्या मालानंतर दुसरा माल घेताना रंग कितीही गडद असला तरी पूर्ण धुलाई करावी. शेंगदाण्याचा अंश चटणीच्या रंगात लपतो, पण तो खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. असा माल दिवसाच्या शेवटी ठेवावा.

सॉससाठी वेगळी केटल घ्यावी का?

घरात दूध तापवायचे पातेले वेगळे असते, त्यात कोणी आमटी करत नाही. त्याच न्यायाने उग्र मालासाठी स्वतंत्र केटल घ्यावी, असा सल्ला बहुतेक यंत्रविक्रेते देतात. तो नेहमीच बरोबर नसतो.

वरच्याच उदाहरणात सॉससाठी लहान केटल घेतली आणि तिच्या दिवसअखेरच्या धुलाईला १५० लिटर धरले, तर काय होते ते पाहू. बॅच जशा येतील तशा घेतल्या, तर मुख्य केटलमध्ये पेरू-टोमॅटो-पेरू-टोमॅटो असे ४१० लिटर, तिची अखेरची धुलाई ४०० आणि सॉसच्या केटलचे १७०, असे एकूण ९८० लिटर होतात. आधीच्या ११६० पेक्षा १८० लिटर वाचले. पण क्रम नीट लावलेल्या दिवशी वेगळ्या केटलसह ६९० लिटर लागतात, म्हणजे एकाच केटलच्या ६०० पेक्षा ९० लिटर जास्त. भांडे वाढले की धुण्याचा पृष्ठभाग वाढतो. अडीचशे लिटरच्या दोन केटलचा आतला पृष्ठभाग त्याच आकाराच्या पाचशेच्या एका केटलपेक्षा साधारण सव्वापट असतो.

म्हणून ज्या युनिटला मागणीचा किंवा मालाच्या आवकेचा अंदाज बांधता येत नाही, त्यांनी वेगळी केटल जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे करार शेतीचा माल ठरल्या दिवशी येतो, त्यांनी आधी क्रम सुधारून एक हंगाम पाहावा. माझ्या मते स्वतंत्र केटलपेक्षा स्वतंत्र गॅस्केट आणि पाइपांचा एक जादा संच ही बरीच स्वस्त आणि उपयोगी खरेदी आहे, कारण वास सर्वाधिक रबरातच मुरतो.

टाकी : पाण्याला थोडा वेळ थांबवणे

फळे धुण्याच्या विभागात पुनर्वापराला सर्वांत जास्त वाव असतो. फळ शेवटी फवाऱ्याखाली स्वच्छ पाण्याने धुतले जाते. ते पाणी किंचितच मळते. पुढच्या लॉटची माती काढायच्या पहिल्या हौदाला ते पूर्ण चालते. क्लोरिन पहिल्या हौदात घालू नये. माती आणि पाला तो खाऊन टाकतात. तो शेवटच्या टप्प्यात द्यावा. पाश्चरायझरचे थंड करण्याचे पाणी मालाला लागत नाही, फक्त कोमट होते. तेही त्याच हौदाला किंवा केटलच्या पहिल्या विसळणीला वापरावे. चिकट गर कोमट पाण्याने लवकर सुटतो.

येथे वेळेचा प्रश्न पुन्हा येतो. पेरूच्या फवाऱ्याचे पाणी नऊ ते दहा या वेळेत निघते आणि टोमॅटोचा पहिला हौद अकराला भरायचा आहे, तर दोनच मार्ग राहतात. एक तर तेवढे पाणी मावेल अशी टाकी ठेवा, नाही तर टोमॅटोची धुलाई साडेनऊला सुरू करा. दुसऱ्या मार्गाला खर्च नाही, पण धुतलेला टोमॅटो दीड तास पडून राहिला तर नरम होतो. कच्च्या आवळ्याला किंवा आल्याला ही सवड देता येते, पिकलेल्या टोमॅटोला नाही.

टाकी मोठी घेऊ नये. साखरेचा अंश असलेले पाणी उन्हाळ्यात काही तासांत आंबायला लागते. टाकी एका पाळीत भरून रिकामी होईल एवढीच असावी, तिला झाकण आणि उतरता तळ असावा आणि संध्याकाळी ती धुऊन उलटी ठेवावी. रात्रभर ठेवलेले धुवण सकाळी मालाच्या भांड्याला लावू नये. त्याने फार तर अंगण धुवावे. टाक्यांवर तेलरंगाने स्पष्ट लिहावे : "पहिल्या हौदासाठी", "पिण्यायोग्य नाही". कामगार बदलले की तोंडी सूचना हरवतात.

सहकारी दूध संघाची डेअरी पाहिली असेल, तर तेथे कॉस्टिक, आम्ल आणि गरम पाण्याच्या टाक्या ओळीने उभ्या दिसल्या असतील. तेथे कॉस्टिकचे द्रावण एकदा वापरून टाकत नाहीत. ते परत टाकीत घेतात, तीव्रता तपासतात आणि कमी पडलेला कॉस्टिक भरतात. फळ युनिटमध्येही हे करता येते. त्यासाठी आधीची विसळणी चांगली हवी, नाहीतर गरामुळे द्रावण दोन दिवसांत काळे पडते. हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे.

बांधकामाच्या वेळीच करायच्या गोष्टी

ज्यांचे युनिट अजून कागदावर आहे, त्यांनी दोन गटारांचा आग्रह धरावा. पहिल्या विसळणीचे आणि पल्परखालचे दाट धुवण एका चरात, बाकी सगळे पाणी दुसऱ्या चरात. दाट धुवण प्रमाणाने थोडे असते. ते बायोगॅसला किंवा कंपोस्ट खड्ड्याला जाते. पातळ पाण्यावर प्रक्रिया करणे सोपे असते. दोन्ही एकत्र झाले की बायोगॅससाठी ते फार पातळ आणि शेतासाठी फार दाट होते. नंतर फरशी फोडून दुसरा चर काढणे कोणीही करत नाही.

पाइप लांब असले, मध्ये झोल असला, टी-जोडाचा बंद तुकडा लटकत असला, की प्रत्येक ठिकाणी गर अडकतो. केटल ते फिलिंग मशीन हे अंतर शक्य तितके कमी आणि पाइप व्हॉल्व्हकडे उतरता ठेवावा. केटलचा निचरा तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूतून होतो का, हे खरेदीपूर्वी पाणी भरून आणि सोडून पाहावे. वरच्या हिशेबातील "उरलेले २ लिटर" याच गोष्टींवर ठरतात. ते एक लिटरवर आले तर दहा-दहा लिटरच्या तीन विसळणीनंतर उरणारे प्रमाण ०.१ टक्क्याच्याही खाली जाते.

पाणी शेतात सोडताना

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. आपल्या आकाराच्या युनिटला कोणत्या अटी आहेत, ते मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारावे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याची बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तर नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची ३० मिलिग्रॅमपर्यंत असावी लागते. सामू ५.५ ते ९ यांदरम्यान हवा.

"फळाचेच तर पाणी, पिकाला खतच होईल" हा समज चुकीचा आहे. साखरयुक्त पाणी जमिनीत गेले की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मुळांजवळचा प्राणवायू संपवतात. ते जमिनीतील नत्रही स्वतःसाठी ओढून घेतात, म्हणून कडेची पिके पिवळी पडतात. कॉस्टिक सोड्यातील सोडियम त्याहून चिवट. भारी काळ्या जमिनीत तो साचला की माती चोपण होते, पाणी मुरत नाही आणि ती सुधारायला वर्षे लागतात. शक्य तेथे पोटॅशियमयुक्त अल्कली वापरावी. ती महाग पडते, पण तिच्यातील पालाश निदान पिकाच्या कामी येतो. धुलाया कमी झाल्या की कॉस्टिकचा एकूण वापरही घटतो, त्यामुळे हा जादा खर्च बराचसा भरून निघतो. शेतकरी कंपनीच्या युनिटमागची शेते आणि विहिरी बहुधा सभासदांच्याच असतात. तिथे पाणी बिघडले तर नोटीस येण्याआधी सभासद तुटतात.

फळ थांबत नाही तेव्हा

वेळापत्रक कागदावर सुंदर दिसते आणि दुपारी तीन वाजता पिकलेल्या पेरूची गाडी दारात उभी राहते. सॉसची पहिली बॅच तेव्हा नुकतीच निघालेली असते. अशा वेळी पाणी वाचवण्यासाठी फळ सडू देऊ नये. ४०० लिटर पाणी लागले तर लागू द्यावे. एका बॅचचा पेरू फेकावा लागला तर शेतकऱ्याचे नुकसान होतेच, शिवाय तो सडका माल सांडपाण्यापेक्षा मोठी डोकेदुखी होतो. मात्र अशी वेळ वहीत लाल शाईने लिहावी. आठवड्यात तीनदा लाल नोंद आली, तर गाड्यांच्या वेळा ठरवण्यासाठी सभासदांची बैठक घ्यावी. फळ आणणाऱ्याला "सकाळी अकराच्या आत" एवढी एक अट पाळता आली, तरी युनिटचे निम्मे वेळापत्रक मार्गी लागते.

हिवाळ्यात नशीब आपल्या बाजूने असते. फिका माल (पेरू) नाशवंत आणि उग्र माल (लसूण, वाळलेली मिरची) टिकाऊ, त्यामुळे नाशवंत आधी आणि उग्र शेवटी असा क्रम सहज जमतो. जूनमध्ये गणित उलटते. जांभूळ सर्वांत गडद आणि सर्वांत नाशवंत. पहाटे तोडलेले जांभूळ दहापर्यंत युनिटवर येते आणि संध्याकाळपर्यंत फुटू लागते. शेवटच्या केशर आंब्याच्या बॅचही त्याच दिवसांत चालू असतात आणि जांभळानंतर आंबा घेणे म्हणजे पूर्ण धुलाई. यावर उपाय आंब्याच्या बाजूने शोधावा, कारण आंबा पिकवण खोलीत एक दिवस पुढे-मागे करता येतो. आदल्या दिवशी पिकून तयार असलेला आंबा पहाटे सहाला लावावा, साडेदहापर्यंत लाइन मोकळी करावी आणि मग दिवसअखेरपर्यंत फक्त जांभूळ चालवावे. तोपर्यंत आलेले जांभूळ सावलीत, उथळ क्रेटमध्ये, एकावर एक ढीग न करता ठेवावे. ते धुण्याची घाई करू नये. ओले जांभूळ लवकर फुटते, म्हणून लाइन मोकळी झाल्यावरच त्याचा हौद भरावा. आंब्याच्या शेवटच्या फवाऱ्याचे पाणी तोवर टाकीत तयार असतेच.